मानवतचे हत्याकांड आणि वाचक

परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर पिंगळीला थांबली म्हणजे तिच्यातून जी मंडळी उतरतात, त्यांत जिल्ह्याच्या गावी कॉलेजात शिकणारी मुलेमुली असतात, शिक्षक असतात, कचेरीतले कारकून असतात. प्रवास थोडक्या वेळाचा. वाचनाला मिळणारा अवकाशही तेवढाच. एके काळी या अवकाशात एसटी स्टँडवर विकत घेतलेले खुनांच्या हकिकतींचे साप्ताहिक उघडले जाई. आज त्या जागी एखाद्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींचे पुस्तक असते, किंवा मोबाईलच्या पडद्यावर तशीच हकिकत चित्ररूपाने चाललेली असते. साधन बदलले, खऱ्या खुनांची हकिकत वाचण्याची ओढ मात्र ओसरलेली नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा विषय करमणुकीचा वाटू शकतो. पिंगळीच्या वाचकाला तो तसा वाटणे कठीण आहे. कारण मराठी मुलखातील अत्यंत भीषण म्हणून गणल्या गेलेल्या हत्याकांडांपैकी एक त्याच्याच जिल्ह्यात घडले. याच लोहमार्गावर परभणीच्या पलीकडे मानवत रोड हे स्थानक लागते. कापसाच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या मानवत गावाचे नाव उभ्या महाराष्ट्रात खुनांशी जोडले गेले, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. १९८१ साली अमोल पालेकर यांनी या घटनांच्या आधारे ‘आक्रीत’ हा चित्रपट काढला; त्याचे लेखन विजय तेंडुलकरांचे होते. तपासाचे प्रमुख रमाकांत कुलकर्णी यांनी आपल्या इंग्रजी आठवणींत या प्रकरणाची हकिकत लिहिली, आणि तिच्यावर बेतलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका २०२४ च्या ऑक्टोबरात घरोघरच्या पडद्यांवर पोहोचली. त्या काळी जन्मलेलीही नसलेली पिढी आज मानवतची हकिकत मिटक्या मारीत ऐकते आहे.

अशा वाचनाविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत वडीलधाऱ्यांचे व अनेक शिक्षकांचे : असले वाचन मन नासवते, ते विद्यार्थ्यांच्या हाती पडू देऊ नये. दुसरे मत प्रकाशकांचे आणि चवीने वाचणाऱ्यांचे : घडून गेलेल्या गोष्टी वाचल्याने कोणाचे काय बिघडते? दोन्ही मतांत तथ्यांश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. खुनाची हकिकत वाचावी की नाही, हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही. ती कोठपर्यंत वाचावी, हा खरा प्रश्न आहे. मानवतच्या बाबतीत बहुतेक वाचक जेथे पुस्तक मिटतात, तेथून पुढेच वाचण्यासारखा भाग सुरू होतो.

हकिकत आणि निकाल

हकिकत थोडक्यात अशी. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या चौदा महिन्यांत मानवत आणि परिसरात एकामागून एक बालिका व स्त्रिया मारल्या गेल्या. त्यांत एक तान्हे मूलही होते. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना तेव्हा राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला. पिंपळावरच्या मुंजाला रक्ताचा नैवेद्य दाखविल्यास गुप्तधन हाती लागेल आणि मूल होईल, या समजुतीने हे बळी देण्यात आले, असे फिर्यादी पक्षाने न्यायालयात मांडले. त्या चौदा महिन्यांत आसपासच्या गावांतील आयांनी पोरींना एकटे विहिरीवर किंवा रानात पाठवणे बंद केले होते. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांना ही हकिकत वाचण्याची गरज नाही; त्यांना ती विसरता आलेली नाही.

पुस्तकातील थरार येथे संपतो. आरोपी सापडले, कोडे सुटले, वाचकाने सुस्कारा सोडला. परंतु खटला येथे संपला नाही. परभणीच्या सत्र न्यायालयातून तो उच्च न्यायालयात गेला आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने १९७७ साली लागलेला निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. त्यात काय आहे? फिर्यादी पक्षाने ज्या दोघांना कटाचे सूत्रधार म्हटले होते आणि खालच्या न्यायालयाने ज्यांना दोषी धरले होते, त्यांच्याविरुद्धचा पुरावा वरच्या न्यायालयांत टिकला नाही आणि ते सुटले. इतर काहींना कठोर शिक्षा झाल्या. त्यांत फाशीच्याही होत्या.

जिल्ह्यातील पारावरच्या गप्पांत मात्र सुटलेल्या त्या दोघांची सुटका झालेली नाही. हकिकत सांगणारा त्यांचीच नावे आधी घेतो आणि निर्दोष मुक्ततेचा उल्लेख करायला विसरतो. याचे कारण उघड आहे. कथेला सूत्रधार लागतो. सूत्रधार सुटला तर कथा अपुरी वाटते. न्यायालयाला मात्र कथा पुरी करण्याची घाई नसते. पुरावा जेथे संपतो तेथे त्याला थांबावे लागते.

त्या निकालातील माफीच्या साक्षीदारासंबंधीचे विवेचन तर प्रत्येक वाचकाने समजून घ्यावे असे आहे. गुन्ह्यात सामील असलेला माणूस स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी साथीदारांविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याच्या बोलण्यावर किती विसंबावे? १८७२ च्या पुरावा कायद्याचे एक कलम म्हणत होते की, अशा साक्षीवर झालेली शिक्षा केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नाही. त्याच कायद्यातील दुसरे कलम म्हणत होते की, दुजोऱ्यावाचून असा साक्षीदार विश्वासास पात्र नाही, असे न्यायालयाला मानता येईल. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी प्रश्न तोच आहे. या दोन कलमांतून सर्वोच्च न्यायालयांच्या निकालांनी जी वाट काढली ती अशी : माफीच्या साक्षीदाराच्या हकिकतीला महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र दुजोरा पाहिजे, आणि तोही प्रत्येक आरोपीच्या बाबतीत वेगवेगळा पाहिजे. खून झाला हे सिद्ध झाल्याने तो अमक्यानेच केला हे सिद्ध होत नाही. शिक्षा ठोठावण्यापूर्वी शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतुदीचाही त्या निकालात विचार झाला आहे. मुलींच्या रक्ताने अंगावर काटा यावा अशा खटल्यात न्यायाधीशांनी या गोष्टींचा तोल ढळू दिला नाही, हे वाचकाच्या ध्यानात येत नसेल तर त्याने मानवतची हकिकत वाचली, पण मानवतचा खटला वाचला नाही.

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचेही असेच झाले आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे बळी घेणाऱ्या व्यावसायिक कलेच्या विद्यार्थ्यांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या प्रकरणावर पुस्तके निघाली, ‘माफीचा साक्षीदार’ नावाचा चित्रपटही निघाला. मारेकऱ्यांची नावे पुणेकरांच्या तिसऱ्या पिढीला पाठ आहेत. मारल्या गेलेल्यांपैकी किती जणांची नावे तिला सांगता येतील? मानवतच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारण्याचीही सोय नाही. तेथील बळींना कोणी नावाने ओळखतच नाही. त्या केवळ ‘त्या मुली’ आहेत. त्यांच्या घरचे लोक याच जिल्ह्यात राहतात, याच बाजारांना येतात, आणि पॅसेंजरमध्ये कोणी मोबाईलवर मालिका पाहत असेल तर तिचा आवाज त्यांच्याही कानांवर पडतो.

१९७२ साल आणि गुप्तधन

खुनाची हकिकत चांगल्या रीतीने वाचण्याची दुसरी कसोटी म्हणजे ती ज्या काळात घडली त्या काळाकडे वाचकाचे लक्ष जाते की नाही. १९७२ हे साल महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले ते दुष्काळामुळे. सलग पाऊस हुलकावणी देत गेला, विहिरी आटल्या, पिके करपली, आणि खडी फोडण्याच्या कामावर हजारोंच्या रांगा लागल्या. रोजगार हमी योजनेची मुळे त्याच दुष्काळात आहेत; वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान मिळाले. आणि त्याच १९७२ च्या मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली.

एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एकाच काळ्या मातीतून संपत्ती काढण्याचे तीन मार्ग माणसांनी धरले होते, असे म्हणावे लागेल. कोणी बियाणे आणि खत यांचा अभ्यास करून. कोणी दुष्काळी कामावर घमेली उचलून. आणि कोणी पिंपळाखाली खड्डा खणून. पहिले दोन मार्ग कष्टाचे आणि लांबचे होते. तिसऱ्याने निवडलेला मार्ग अमानुष होता, आणि त्याच्या टोकाला हंडाही नव्हता.

गुप्तधनाची समजूत आकाशातून पडलेली नाही. जेथे बँक नाही, पेढीवर भरवसा नाही आणि राज्य केव्हा बदलेल याचा नेम नाही, तेथे माणूस आपली शिल्लक मातीत पुरतो. निजामी राजवटीतील हाली सिक्क्याची नाणी, रझाकारांच्या धामधुमीत घर सोडताना चुलीखाली पुरलेले दागिने, यांच्या कथा मराठवाड्यात घरोघर सांगितल्या जातात आणि त्यांतील काही खऱ्याही आहेत. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी खेड्याच्या वेशीपर्यंत बँक पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. पुरलेल्या धनाची आठवण होती आणि नव्या धनाची वाट दिसत नव्हती, अशा मधल्या काळात मांत्रिकाचे फावते. गंमत अशी की, हंडा खरोखर सापडला असता तरी तो कोणाला न कळविता घरी ठेवता आला नसता. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्याला कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे.

दारिद्र्याने खून होतात असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या दुष्काळात लाखो माणसे उपाशी राहिली आणि त्यांनी कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही. शिवाय हा मोह मागासलेल्या मुलखाची मक्तेदारीही नाही. साक्षरतेत अग्रेसर असलेल्या केरळात, इलंतूर गावी, दोन स्त्रियांना धनप्राप्तीसाठी बळी दिल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी २०२२ च्या ऑक्टोबरात आरोपींना अटक केली. अमेरिकेतील उदाहरण तर या प्रकारच्या साहित्यात अभिजात मानले जाते. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी कॅन्सस राज्यातील होलकोंब या खेड्यात एका सधन शेतकऱ्याच्या कुटुंबातील चार जण मारले गेले. घरात दहा हजार डॉलरांची तिजोरी आहे, अशी मारेकऱ्यांची ऐकीव माहिती होती. तिजोरी नव्हतीच, त्यांच्या हाती पन्नास डॉलरही लागले नाहीत. ट्रुमन कपोटी यांनी त्यावर लिहिलेले ‘इन कोल्ड ब्लड’ जगभर वाचले गेले. तेथे मुंजा नव्हता, मांत्रिक नव्हता. नसलेल्या हंड्यावरचा विश्वास मात्र दोन्हीकडे होता. मानवतची हकिकत ‘खेडवळ अडाण्यांची’ म्हणून नाक मुरडीत वाचणाऱ्या शहरी वाचकाने ही तुलना करून पाहावी. थोड्या दिवसांत पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनांत आयुष्याची पुंजी गुंतवणारे पदवीधर आजही भेटतात. ते कोणाचा जीव घेत नाहीत, हा फरक फार मोठा आहे. पण हंड्यावरचा विश्वास त्यांच्याही ओळखीचा आहे.

कपाटातले खून आणि गावातले खून

तिसरी कसोटी हिशेबाची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी ९,९६२ गुन्ह्यांचे कारण ‘वाद’ असे नोंदलेले आहे. त्या खालोखाल वैयक्तिक वैर, ३,७६१. आणि लाभासाठी झालेले खून १,८८४. नरबळी हा रकानाही त्या तक्त्यात आहे, परंतु त्यातील आकडा या मानाने अगदी लहान असतो. म्हणजे आपल्या आसपास होणारे बहुसंख्य खून बांधावरून, पैशाच्या देण्याघेण्यावरून, भाऊबंदकीतून, घरातल्या घरात होतात. त्यांच्यावर पुस्तक निघत नाही. पुस्तकांच्या कपाटात जागा मिळते ती विरळा आणि विचित्र खुनांना. कपाट पाहून जगाचे अनुमान करणारा वाचक अनोळखी माणसाला, रानातल्या पालावर राहणाऱ्याला, वेड्या दिसणाऱ्या भिकाऱ्याला भिऊ लागतो. आणि ज्या घरात रोज भांडणाचा आवाज येतो तिकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही.

या भीतीची किंमत कोणी मोजली, याची साक्ष इतिहासात आहे. १८३९ साली इंग्लंडात ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी गाजली. तिचा लेखक मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतील अधिकारी होता; पुढे त्याने नळदुर्गचा कारभारही पाहिला. ठगांच्या कबुलीजबाबांवर बेतलेल्या त्या हकिकतीने हिंदुस्थानातील वाटा वंशपरंपरागत खुन्यांनी भरलेल्या आहेत, हे चित्र इंग्रज वाचकाच्या मनात रुजविण्यास मोठा हातभार लावला. त्याच समजुतीच्या वातावरणात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त झाल्या. पण चोरी झाली की आधी त्यांच्याच पालावर जाण्याची पोलिसांची आणि गावाचीही सवय गेली असे म्हणवत नाही. एका पुस्तकाने हे सारे केले असे नव्हे. परंतु वाचलेली भीती कायद्याच्या पुस्तकात कशी उतरते, हे त्यातून समजते. म्हणून खुनाच्या पुस्तकात आरोपीची जात सांगताना लेखक काय सुचवतो, हे सुज्ञ वाचकाने हेरले पाहिजे.

वाचनातून चांगला कायदाही येऊ शकतो, हे येथे नोंदविले पाहिजे. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे ज्या कायद्याचा आग्रह धरीत होते, तो दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर वटहुकमाच्या रूपाने आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधाच्या बहाण्याने केलेली अघोरी कृत्ये आणि नरबळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गुप्तधन आणि पाणी! जिल्ह्यातील ज्या वाचकाला १९७२ आठवते, त्याला या दोन शब्दांचा शेजार उगाच झाला असे वाटणार नाही. मानवतचा पहिला खून आणि हा कायदा यांत एकेचाळीस वर्षांचे अंतर पडले. त्या काळात चित्रपट आला, पुस्तके आली, गप्पा चालू राहिल्या. थरार टिकून राहिला आणि उपाय मात्र रेंगाळला, याचा काही दोष वाचणाऱ्यांकडेही जातो.

शिक्षकांचे काम

मग पिंगळीच्या शाळेतील किंवा परभणीच्या कॉलेजातील शिक्षकाने काय करावे? विद्यार्थ्याच्या हातातले पुस्तक हिसकावून घेण्यात अर्थ नाही. ते गादीखाली जाईल आणि अधिक गोडीने वाचले जाईल. त्याने विद्यार्थ्याला चार प्रश्न विचारावेत. मारले गेलेले कोण होते? निकाल काय लागला, आणि शेवटच्या न्यायालयात काय झाले? जो सुटला तो कोणत्या पुराव्याच्या अभावी सुटला? आणि त्या वर्षी गावात पाणी, धान्य आणि काम किती होते? ज्या पुस्तकात या प्रश्नांची उत्तरे आहेत ते पुस्तक चांगले. ज्यात ती नाहीत, त्याच्या वाचकाने ती शोधायला निघावे. इतिहासाचा, अर्थशास्त्राचा आणि नागरिकशास्त्राचा याहून जिवंत पाठ वर्गात मिळणे दुर्मिळ आहे.

यात एक अडचण आहे आणि ती दूर करता येण्याजोगी आहे. मानवत खटल्याचा निकाल इंग्रजीत आहे. ज्या जिल्ह्यातील मुलींसाठी तो खटला चालला त्या जिल्ह्यातील बहुतेकांना तो वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती केवळ हकिकत. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालांची भाषांतरे भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्यास २०१९ पासून आरंभ केला आहे. परभणी जिल्ह्यातील एखाद्या विधी महाविद्यालयाने, शिक्षकांच्या संघटनेने किंवा ग्रंथालयाने पुढाकार घेऊन या निकालाचे सोप्या टिपांसह मराठी पुस्तक सिद्ध केले, तर ते काम मोठ्या खर्चाचे नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी जी वाचनालये उभी राहिली, त्यांच्या कपाटांत त्याला जागा नक्कीच होईल.

अशा पुस्तकाचे पहिले पान सूत्रधारांच्या वर्णनाने सुरू होऊ नये. त्यावर मारल्या गेलेल्यांची वये असावीत, आणि त्यांच्या घरच्यांची संमती असेल तर नावेही. पिंगळीला उतरणारी, त्याच वयाची धाकटी बहीण घरी असलेली एखादी विद्यार्थिनी ते पान वाचील, तेव्हा मानवतची हकिकत तिला चवीने वाचवणार नाही. पण ती निकालाच्या शेवटच्या पानापर्यंत वाचील, असा भरवसा बाळगायला हरकत नाही.